एका रकान्यात अडकलेला बेकारी भत्ता : कामगार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य

प्रत : कौशल्य विकास विभाग, कर्मचारी राज्य विमा महामंडळावरील महाराष्ट्राचे प्रतिनिधी, नाशिक जिल्ह्यातील कारखानदार, ठेकेदार आणि त्यांची पगारपत्रके करणारे सल्लागार

मंत्रिमहोदय,

सातपूर, अंबड, सिन्नरजवळचे मुसळगाव-माळेगाव, गोंदे, दिंडोरी या पट्ट्यात काम सुटलेल्यांचे अर्ज आम्ही काही जण भरून देतो. टेबलासमोर बसलेला माणूस बहुतेक वेळा एकच विचारतो, "ते पाच हजारांचं कुठं भरायचं?" मोबाइलवर आलेला मेसेज दाखवतो : महाराष्ट्र सरकारचा बेरोजगार भत्ता, दरमहा ५,००० रुपये, त्वरित नोंदणी करा. असा सरसकट रोख भत्ता महाराष्ट्रात नाही. राज्य सरकारच्या महास्वयं पोर्टलवर नोंदणी होते ती नोकरी शोधणाऱ्याची. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीवाल्याला ६,०००, आयटीआय-पदविकावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये ठरलेले आहेत, पण ते प्रशिक्षणाचे विद्यावेतन आहे, काम गेल्याचा भत्ता नव्हे. एवढे सांगून झाले की तो पिशवी उचलून उठायला लागतो. तेव्हा आम्ही विचारतो, "पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापत होते का?" कापत होते. म्हणजे त्याच्या हक्काचा एक भत्ता खरोखर आहे. फक्त तो त्याला कोणी सांगितलेला नाही, आणि मागण्याची मुदत मात्र चालू झालेली आहे.

हे पत्र त्या भत्त्याबद्दल आहे. ईएसआय केंद्राकडे आहे हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणून "तो विषय केंद्राचा" हे उत्तर कृपया देऊ नये. महामंडळावर प्रत्येक राज्य सरकारचा एक प्रतिनिधी असतो. आणि कारखान्याच्या गेटवर माणसाच्या हातात कोणता कागद पडतो, हे बघणारे खाते तुमचेच आहे.

आधी योजना काय ते, कारण पत्र वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना तरी ते उपयोगी पडेल. नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. १ जुलै २०१८ रोजी दोन वर्षांसाठी प्रायोगिक म्हणून ती आली, तेव्हा रोजच्या सरासरी कमाईच्या २५ टक्के मिळत आणि काम सुटून ९० दिवस झाल्यावरच मागता येत असत. कोविडमध्ये, २४ मार्च २०२० पासून, दर ५० टक्के झाला आणि थांबायचे दिवस ३० वर आले. मालकामार्फत अर्ज पाठवण्याची अट गेली. कामगार स्वतः ऑनलाइन दावा भरून थेट शाखा कार्यालयाकडे जाऊ शकतो. आधार, बँकेचे तपशील आणि कागद स्कॅन करून चढवले तर प्रतिज्ञापत्रही लागत नाही. (तरी वीस रुपयांचा स्टॅम्प पेपर आणि वर नोटरी असा आग्रह धरणारे टेबल-खुर्चीवाले भेटतात. त्यांना नमस्कार करून पुढे जावे.)

अटी मोजक्या आहेत. काम सुटण्याआधी किमान दोन वर्षे विमापात्र, म्हणजे ईएसआय लागू असलेली, नोकरी हवी. ईएसआयच्या दोन सहामाही असतात, १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. काम सुटण्याच्या लगत आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांचा ईएसआय भरलेला हवा, आणि त्यामागच्या तीन सहामाहींपैकी एकीत तरी ७८ दिवस हवेत. गैरवर्तनासाठी काढलेला, वयोमानाने निवृत्त झालेला किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेला यात बसत नाही. भत्ता सगळ्या आयुष्यात मिळून ९० दिवसांचा. दावा काम सुटल्यापासून एका वर्षाच्या आत.

आता पैशांचा हिशेब. महिना १८,००० पगार असलेल्या ऑपरेटरचे १३५ रुपये (०.७५ टक्के) कापले जातात आणि मालक ५८५ रुपये (३.२५ टक्के) घालतो. दोन वर्षांत त्याच्या नावावर १७,२८० रुपये जमा होतात. भत्ता काढताना चार सहामाहींची एकूण कमाई ७३० ने, म्हणजे दोन वर्षांच्या दिवसांनी, भागतात. ४,३२,००० भागिले ७३०, म्हणजे रोजचे ५९१ रुपये ७८ पैसे. त्याचे निम्मे २९५ रुपये ८९ पैसे. गुणिले ९०, साधारण २६,६३० रुपये. तीन महिन्यांचे घरभाडे आणि शाळेची फी एवढ्यात निभावते.

भागाकार नेहमी ७३० नेच होतो, हे ध्यानात घ्या. त्याच ऑपरेटरला ठेकेदाराने मध्ये सहा महिने ब्रेक दिला असेल, तर कमाई ३,२४,००० उरते, भागायचे तरी ७३० नेच. भत्ता १९,९७३ रुपयांवर येतो. ब्रेक दिला ठेकेदाराने, वजावट झाली कामगाराची.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार एका रकान्याची आहे.

दरमहा ईएसआयचे चलन भरताना कंपनी किंवा ठेकेदार एक एक्सेल शीट चढवतो. त्यात सहा रकाने असतात : दहा अंकी विमा क्रमांक, नाव, किती दिवसांचे वेतन, एकूण वेतन, दिवस शून्य असतील तर कारणाचा क्रमांक, आणि कामाचा शेवटचा दिवस. कारणांची यादी ठरलेली आहे. ० म्हणजे विनाकारण, १ रजा, २ नोकरी सोडली, ३ निवृत्त, ४ विमा-मर्यादेबाहेर, ९ संप किंवा टाळेबंदी, १० कामगार कपात, ११ काम नाही. आणखीही आहेत, पण घोळ होतो तो एवढ्यांतच.

ऑर्डर कमी झाली म्हणून चाळीस माणसांना उद्यापासून येऊ नका सांगितले, तर त्यांच्यापुढे १० किंवा ११ यायला हवा. येतो २. वरपासून खालपर्यंत दोन, दोन, दोन. पहिल्या ओळीत टाकायचा आणि माऊसने खाली ओढायचा. शीट भरणारा पोरगा बहुतेक वेळा कन्सल्टंटच्या ऑफिसात बसलेला असतो, त्याने कारखाना पाहिलेलाही नसतो. त्याच्या दृष्टीने २ हा सुरक्षित आकडा : कपात म्हटली की नोटीस, भरपाई, कामगार खात्याचे पत्र असे सगळे मागे लागते, "सोडली" म्हटले की काहीच नाही. कामगाराच्या दृष्टीने मात्र तिथे लिहून ठेवले गेले की हा आपणहून गेला.

याहून वाईट म्हणजे ० किंवा १. ठेकेदाराला वाटते, पुढच्या महिन्यात परत बोलवू, कशाला नाव काढा. मग पोर्टलच्या लेखी तो माणूस अजून नोकरीत आहे, फक्त शून्य दिवस. नोकरीत असलेल्याला बेकारी भत्ता कसा मिळणार? तो तीन महिने फोन करत राहतो, ठेकेदार "करतो, करतो" म्हणतो, तेवढ्यात दुसरीकडे कुठेतरी हेल्पर म्हणून लागतो आणि विषय संपतो.

सगळे नीट केले तरी उशीर आहेच. चलन पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असते. ३० एप्रिलला काम सुटले, तर एप्रिलच्या चलनात दिवस भरलेले दिसतात. शून्य दिवसांची आणि शेवटच्या तारखेची नोंद मेच्या चलनात, म्हणजे १५ जूनपर्यंत. नियमाने ३० दिवसांनी मागता येणारा भत्ता नोंदीअभावी साधारण पंचेचाळीस दिवसांवर जातो. याला कोणाचा दोष म्हणता येणार नाही, पण सोय करता येईल. शेवटच्या दिवसाची नोंद चलनाची वाट न पाहता करता आली पाहिजे.

दुसरी तक्रार राजीनाम्याची. 'फुल अँड फायनल', म्हणजे शेवटचा हिशेब, हवा असेल तर आधी राजीनामा लिही, ही नाशिकच्या औद्योगिक वसाहतींतली रीतच होऊन बसली आहे. छापील कागद असतो, "वैयक्तिक कारणास्तव", खाली सही. त्या एका सहीने काय जाते ते पाहा. ईएसआयची आणखी एक योजना आहे, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, १ एप्रिल २००५ पासूनची. कारखाना बंद पडला, कायद्याप्रमाणे कामगार कपात झाली किंवा कामाबाहेरच्या इजेने ४० टक्के वा अधिक कायमचे अपंगत्व आले, तर पहिले १२ महिने सरासरी वेतनाच्या ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के. १८,००० पगारावर ढोबळमानाने १,०८,००० अधिक ५४,०००. एका बाजूला १,६२,००० रुपये, दुसऱ्या बाजूला २६,६३०. मधला फरक "कपात" या शब्दाचा. आणि राजीनाम्यावर सही केली की २६,६३० वरही "हा स्वतःहून गेला" असा अर्थ लावायला जागा होते. वर्षाला पंधरा दिवसांच्या वेतनाची कपात-भरपाई जाते ती वेगळी. मुदतीचा करार संपणे ही कायद्याने कपात धरली जात नाही, त्यामुळे त्या माणसांना मोठी योजना मुळातच बंद.

कंत्राटी कामगाराचे दुखणे थोडे निराळे. मशीन तेच, शिफ्ट तीच, ठेकेदार बदलतो. नव्या ठेकेदाराने जुना विमा क्रमांक जोडून घ्यायचा असतो. त्याने घाईत नवा काढला की माणसाची दोन वर्षे दोन तुकड्यांत पडतात आणि कोणत्याच तुकड्यात अट पुरी होत नाही. काम सुटल्यावर हे जोडून घ्यायला धावण्यापेक्षा नव्या ठेकेदाराकडे पहिल्याच आठवड्यात ईएसआयचे जुने ई-पेहचान कार्ड दाखवावे, असे आम्ही सगळ्यांना सांगतो. ठेकेदाराने अंशदान बुडवले तर ते भरण्याची जबाबदारी मुख्य मालकावर, म्हणजे ज्याच्या कारखान्यात काम चालते त्याच्यावर, येते. मग ठेकेदार गायब झाल्यावर काम सुटल्याचा दाखला देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर का नको?

ईएसआय लागू होण्यासाठीची महिना २१,००० पगाराची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून तिथेच आहे. या काळात महागाई भत्ता वाढला, किमान वेतन वाढले. आठ-दहा वर्षे घासलेला फिटर जुलैत २१,००० च्या वर गेला, की ३० सप्टेंबरपर्यंत विम्यात राहतो आणि १ ऑक्टोबरला बाहेर पडतो. पुढच्या एप्रिलमध्ये त्याचे काम गेले तर लगतच्या सहामाहीत ७८ सोडा, एकही दिवस नाही. आधी कितीही वर्षे भरलेले असोत, हातात शून्य. पाचशे रुपयांच्या पगारवाढीने माणूस बेकारी भत्त्यातून बाद होतो, आणि वाढीचे पेढे वाटताना त्याला हे माहीत नसते.

अॅप्रेंटिसांना तर ईएसआयच लागत नाही. १९६१ च्या कायद्याखालचा शिकाऊ उमेदवार कर्मचारी धरला जात नाही. लाइनवर शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोघांत एकाचे दिवस मोजले जातात, एकाचे नाहीत. आणि द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये जानेवारी ते एप्रिल काम करणाऱ्या बायकांचे दोन वर्षांचे गणित कधीच जमणार नाही, हंगामच तेवढा.

अर्ज अडकण्याची किरकोळ कारणेही सांगून टाकतो, कारण ती टाळता येतात. आधारवर "सुरेश भाऊराव" आणि ईएसआयवर "भाऊराव सुरेश" असते. मधले नाव पुढे, आडनाव गायब. पासबुक जुने असते. देना आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात गेल्या, सिंडिकेट १ एप्रिल २०२० ला कॅनरात, पण खात्याचा आयएफएससी कोड नोंदीत अजून जुनाच. मोबाइल नंबर ठेकेदाराच्या सुपरवायझरचा, त्यामुळे ओटीपी त्याच्याकडे जातो. या तिन्ही गोष्टी नोकरी चालू असतानाच दुरुस्त करून ठेवाव्यात. सुटल्यावर मालकाची एक सही मिळवायला आठ दिवस जातात.

पीएफबद्दल एवढेच. काम सुटलेल्याला "तुझा पीएफ आहे की" असे सांगितले जाते. ती त्याची म्हातारपणाची शिल्लक आहे, भत्ता नव्हे. शिवाय १३ ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ठरवले, की बेकारीत ७५ टक्के लगेच काढता येतील, पण खाते पूर्ण रिकामे करायला पूर्वीच्या दोन महिन्यांऐवजी बारा महिने थांबावे लागेल. निवृत्तीसाठी काही शिल्लक राहावी हा हेतू आम्हाला मान्य आहे. पण मग मधले महिने निभावायला जो खरा भत्ता आहे, तो वेळेवर मिळाला पाहिजे की नाही?

मंत्रिमहोदय, पगार स्लिपवर ईएसआयच्या खाली आणखी एक ओळ असते : पीटी २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. हा व्यवसाय कर महाराष्ट्राने १९७५ साली आणला तो रोजगार हमीला पैसा उभा करायला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली ती योजना १९७२ च्या दुष्काळात उभी राहिली, १९७७ चा कायदा झाला आणि पुढे देशाने तिचे अनुकरण केले. शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या बेकाराला हात द्यायचा, असा तो करार होता, आणि अंबडच्या कामगाराने तो वर्षाला २,५०० रुपये भरून पाळला आहे. त्याची कुरकूर नाही. मात्र त्याच्यावर तीच वेळ आली तर राज्याच्या बाजूने त्याच्यासाठी काय आहे, याचे उत्तर आजच्या घडीला महास्वयंवरचा लॉगिन आणि पासवर्ड एवढेच आहे.

आमच्या मागण्या सांगतो. काही तुमच्या एका परिपत्रकाने होण्यासारख्या आहेत, काहींसाठी दिल्लीत बोलावे लागेल.

काम सुटताना प्रत्येकाला, कायम असो की कंत्राटी, मराठीत लेखी दाखला द्यावा. नव्या वेतन संहितेत काम सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा आहे. दाखला त्याच हिशेबासोबत द्यावा. ठेकेदार देत नसेल तर मुख्य मालकाने द्यावा. हिशेबासाठी राजीनाम्याची अट घालणे गैर आहे, असे परिपत्रकात स्पष्ट शब्दांत लिहावे.

एका महिन्यात एका आस्थापनेतून दहाहून अधिक नावांपुढे २ हा आकडा आला, तर कामगार खात्याने त्यातल्या दोघा-तिघांना फोन करून विचारावे. खटला भरा असे आम्ही म्हणत नाही. फोन जातो एवढे कळले तरी माऊस ओढणे थांबेल. यासाठी महामंडळाने ही माहिती जिल्हानिहाय तुमच्या खात्याला द्यायला हवी, ती मागून घ्यावी.

औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तिच्यात कामगार पुनर्कौशल्य निधी आहे : कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने १५ दिवसांचे शेवटचे वेतन भरायचे आणि ते कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात पडायचे. खासगी कारखान्यांसाठी हा निधी राज्यानेच उभा करायचा आहे. खाते कोणते, अर्ज कुठे, तक्रार कोणाकडे, हे नाशिकच्या कामगार उपायुक्त कार्यालयाच्या फलकावर लावावे.

महास्वयंच्या पहिल्या पानावर दोन वाक्ये हवीत. दरमहा ५,००० रुपयांची अशी कोणतीही योजना नाही. आणि तुमचा ईएसआय कापला जात असेल तर अटल योजनेचा दावा एका वर्षाच्या आत करा. दुसरे वाक्य पाच हजारांच्या मेसेजइतके फिरले तर आमचे टेबल उचलायला आमची हरकत नाही.

महामंडळावरच्या आपल्या प्रतिनिधीने तीन गोष्टी लावून धराव्यात. योजना २०१८ पासून मुदतवाढीवर चालली आहे, ती कायम करावी. २१,००० ची मर्यादा वाढवावी, आणि मर्यादेबाहेर गेलेल्याला किमान एक वर्ष हा हक्क ठेवावा. ठेकेदाराने दिलेला ब्रेक ७३० मधून वजा करावा.

दाखल्यासाठी समिती नेमावी लागू नये, म्हणून मजकूर आम्हीच लिहून देतो. एका पानात बसतो.

"श्री./श्रीमती ____, विमा क्रमांक (दहा अंक) ____, हे या आस्थापनेत, आस्थापना कोड (सतरा अंक) ____, दि. ____ पासून कामावर होते. कामाचा शेवटचा दिवस ____. काम सुटण्याचे कारण (एकावरच खूण करा) : कामगार कपात / काम नाही / कारखाना बंद / कंत्राट संपले / स्वतः सोडले / अन्य. मागील चार सहामाहींत भरलेले दिवस : ____, ____, ____, ____. ईएसआय चलनात नोंदवलेला कारण क्रमांक ____. अटल योजनेचा दावा दि. ____ पासून करता येईल, शेवटची तारीख ____. मालक / ठेकेदार / मुख्य मालक यांची सही, शिक्का, मोबाइल. हा दाखला वाचून दाखवला, एक प्रत मिळाली : कामगाराची सही."

कळावे,

अर्ज भरून देणारे आम्ही,
सातपूर-अंबड, नाशिक